सूपभर कोंडा

ता. १८ नोव्हेंबर १९३६, अमरावती

अक्का अजून इथेच. भाऊबीज झाली, यांनी बहिणीला लुगडं दिलं, तरी अकोल्याला परत जायचं नाव नाही. शाळा परवापासून. माझ्या चौथीच्या वह्या सुट्टीभर तशाच पडल्यात. डोकं दुखतंय. (पुढे नुसतं डो.दु. लिहीन, रोज कुठे एवढं लिहायचं.)

जेवताना अक्कांनी कोंडीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "यमुने, येवढ्या खेपेले माही पोट्टी मी घेऊन जाईन." हे हसले, मीही हसले. अक्का हसल्या नाहीत.

कमळनंतरचे माझे दोन मुलगे गेले. एक तीन महिन्यांचा, दुसरा अकरा. मग कोंडी झाली, तेव्हा सासूबाईंनी बाराव्या दिवशी तिला सुपात निजवून उंबऱ्यात ठेवलं. अक्कांना मूलबाळ नाही, त्यांनी सूपभर ज्वारीचा कोंडा देऊन तिला विकत घेतलं. जे कोणी माझी लेकरं नेत होतं त्याला वाटावं, ही यमुनेची नव्हेच. म्हणून नावही कोंडी. शाळेत मी मंदाकिनी लावलंय, पण त्या नावानं हाक मारली की ती मागे वळून बघते, आणखी कोण आहे म्हणून.

पाच वर्षं पुरी झाली की तेवढाच कोंडा परत द्यायचा. घेणारीनं तो आपल्या हातानं गायीला घालायचा, म्हणजे मूल सुटलं, पुन्हा आईचं झालं. कोंडीला आता सात पुरी झाली. पाच पुरी झाली तेव्हा सदू पोटात, शाळेत तपासणी, सासूबाई नुकत्या गेलेल्या. राहून गेलं. हे म्हणाले, "आपलीच बहीण आहे, कुठे पळून जाते का." मीही मनावर घेतलं नाही. जिवंत राहिली ना पोरगी, झालं.


ता. २२ नोव्हें.

रविवार. सरकी काढायचं जिन सुरू झाल्यापासून हे पहाटे भोंग्याला जातात ते कापूस केसांत घेऊनच येतात. आज कशी कोण जाणे सुट्टी मिळाली. सगळे वडाळीच्या तलावावर गेलो, अक्काही. ताज्या संत्र्यांची टोपली, भाकरी, ठेचा. सदूनं संत्र्याची फोड डोळ्यात पिळून घेतली आणि रडायच्या ऐवजी हसत सुटला. कमळ अकरा वर्षांची, पण यांच्याशी जमिनीवर घरं आखून टिक्कर खेळताना भांडली. हे हरले आणि रुसले. कितीतरी दिवसांनी यांना असं पाहिलं.

परत येताना कोंडी अक्कांच्या कडेवर. सात वर्षांची घोडी! मी म्हटलं, चालू द्या तिला. अक्का म्हणाल्या, "राहू दे वं. मले कुठं रोज भेटते वझं."

मला मात्र रोज भेटतं. घरी आले तर मीठ संपलेलं. डो.दु.


ता. २६ नोव्हें.

सदूला ताप. रात्रभर खांद्यावर. सकाळी शाळेत पाचच मिनिटं उशीर, तर मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी घरी येते तो कोंडीनं माझ्या तपासलेल्या वह्या मांडून 'शाळा' चालवलेली. प्रत्येक वहीत तांबड्या शाईनं शेरे. वह्या सरकारी तपासणीसाठी ठेवलेल्या.

मी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "जा आपल्या आत्याकडे. तिनंच विकत घेतलंय तुला, मी उगीच पोसून राहिली."

तिनं अक्कांजवळ जाऊन हळूच विचारलं, "आत्या, खरंच?" अक्का म्हणाल्या, "खरं." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कोंडीनं आपले दोन परकर फडक्यात बांधून ठेवलेत. सोडवायला गेले तर गाठ अशी घट्ट की सुटेना.


ता. ३० नोव्हें.

अक्का परवाच अकोल्याला गेल्या. जाताना यांना बाजूला घेऊन बोलल्या. आज यांनी ते काढलं. "महिनाभर जाऊ दे कोंडीला. सदूचं दुखणं, तुझी शाळा. तुलाही जरा आराम." मी म्हटलं, बरं.

एवढंच म्हटलं. आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं. लिहून ठेवते. खोडणार नाही.


ता. ६ डिसें.

बडनेऱ्यापर्यंत मी गेले. पुढे न्यायला अक्कांचे यजमान आले होते. अकोल्याची मोठी गाडी अर्धा तास उशिरा. फलाटावर एका म्हातारीनं कोंडीला विचारलं, "कोणाची वं तू?" ती म्हणाली, "मी कोंड्यात घेतली." म्हातारी हसली. अक्कांचे यजमान गाडी येते का ते बघायला पुढे गेले.

रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. खिडकीतून म्हणाली, "आई, सदूला माझा चेंडू दे. पण परत घेईन."

येताना गाडीत झोप लागली. अमरावती आली तरी उठले नव्हते, एका बाईनं हलवून उठवलं.


ता. ११ डिसें.

घर शांत. सदूचा ताप उतरला. वह्या वेळेवर झाल्या. रात्री सलग झोप. लाज वाटते.

कमळ भाकऱ्या थापताना एकदम म्हणाली, "मलेबी विकलं होतं का कोणाले?" नाही म्हटलं. तर म्हणते, "बरं झालं. मी काही परत आली नसती." हिला कोणी शिकवलं हे? मीच.


ता. १७ डिसें.

अक्कांच्या यजमानांचं कार्ड. सगळं ठीक. कोंडी दूध पिते, दोन वेण्या घालते. शेवटी एक ओळ: 'येथील कन्याशाळेत नाव दाखल केले आहे.'

मी हे कार्ड चार वेळा वाचलं. शाळेत नाव घालायचं तर आधीच्या शाळेचा दाखला लागतो. तो माझ्याच शाळेतून निघायला हवा, आणि कोणी मागितला नाही. म्हणजे नवीन म्हणून घातलं. मग वडिलांच्या रकान्यात कोणाचं नाव घातलं? मी रोज असे रकाने भरते. आंधळ्यासारखी भरते.

यांना म्हटलं. हे म्हणाले, "त्यांनी सोयीसाठी केलं असेल."

"कोणाच्या सोयीसाठी?"

यावर जेवणं झाली.

मुलीला कोणी दत्तक घेत नाही. घेतलं असतं तर होम झाला असता, चार माणसं बसली असती, मला 'देते' म्हणावं लागलं असतं. मी म्हटलं नसतं. इथे काहीच नाही. आहे तो सूपभर कोंडा. आणि तो मी परत केलेला नाही.


ता. २४ डिसें., अकोला

नाताळची सुट्टी. सदूला आणि कमळला यांच्यापाशी ठेवून एकटीच आले. नवं सूप, वर फडकं. कोंडा ज्वारीचाच, मापून नाही, शिगोशीग. गाडीत लोक बघत होते, कोंडा काय अकोल्यात मिळत नाही?

कोंडी दारात. तेल लावलेले केस, पायात वाळे. धावत आली, मग मध्येच थांबली, आणि आत तोंड करून ओरडली, "माय, आई आली!"

अक्कांना माय म्हणते. मला आई. दोन्ही एका दमात.

सूप अक्कांपुढे ठेवलं. म्हटलं, "अक्का, दोन वर्षं उशीर झाला. चूक माझी. गायीला घाला." अक्कांनी फडकं उचलून बघितलं, पुन्हा झाकलं. "गाय चरायले गेली," म्हणाल्या.


ता. २६ डिसें., अकोला

गाय काल संध्याकाळी आली. आज सकाळी गेली. सूप सैपाकघरात फळीवर.

शेवटी मी विचारलं, शाळेत कोणाचं नाव लावलं. अक्का पोळ्या लाटत होत्या, लाटायच्या थांबल्या नाहीत. "माह्या घरचंच लावलं. काहून, तुह्या घरी का कमी लेकरं हायत? तुलेच तर जड झाली होती ना थे. माह्या कानानं आयकलं म्या."

मी म्हणाले, "रागात बोलले."

"तू रागात बोलली. म्या सात वर्षं मनात बोलली. कोणाचं खरं धराव मग?"

मग अक्का रडल्या, पिठाच्या हातानं डोळे पुसले, सगळं तोंड पांढरं. मी पदरानं पुसून दिलं. भांडण असं मध्येच राहिलं. अक्का वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं होतं.

दुपारी कोंडी जवळ येऊन बसली. "आई, घरी आली तर तू वरडशील?"

खोटं बोलवेना. "ओरडेन."

"कोंड्याचं काढशील?"

"नाही. ते कधीच नाही."

ती म्हणाली, "माय वरडत नाही. पण माय गोष्ट अर्धीच सांगते, झोपून जाते." आणि वाळे वाजवत अंगणात गेली.


ता. २ जाने. १९३७, अमरावती

एकटीच परत. परवापासून शाळा. निघताना अक्का म्हणाल्या, "संक्रांतीले पाहू." सूप फळीवर होतं तसंच. मी उचलून आणलं नाही. ओढूनही आणता आली असती पोरगी, पोरगी तर माझीच. पण अक्का दारात उभ्या होत्या, आणि तिला घेऊन गाडीत बसायचं माझ्याच्यानं झालं नाही.

यांनी चहा करून दिला. बारा वर्षांत पहिल्यांदा.


ता. ९ जाने.

चौकात निवडणुकीच्या सभा, सदूला दुपारची झोप नाही. फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. मुली हसल्या. डो.दु.

कमळनं कोंडीचा चेंडू सदूकडून काढून कोनाड्यात वर ठेवलाय. "तिनं परत घेईन म्हटलं होतं," म्हणते. तो दिवसभर कोनाड्याखाली रडतो.


ता. १४ जाने.

शाळेतून आले तर ओट्यावर अक्का. कळवलं नाही, काही नाही. शेजारी कोंडी, तिच्या मांडीवर सूप, दोन्ही हातांनी धरलेलं. बडनेऱ्याला गाडी बदलतानाही कोणाला हात लावू दिला नाही म्हणे.

फडकं काढलं. सूप अर्धंच.

अक्का म्हणाल्या, "सकाळी घातला गायीले. अर्धा घातला, मंग हात नाही चालला वं यमुने. मले नाही जमत. उरलेलं तू आन तुहा देव."

मी विचारलं, तिथल्या शाळेतून नाव काढून दाखला आणलात का.

"थे मले सुचलंच नाही." खरं की खोटं, तोंडावरून कळेना. तिळगूळ दिला. दोघींच्याही तोंडात बराच वेळ तसाच राहिला.

कोंडीनं आल्या आल्या कोनाड्याकडे बघितलं, कमळनं उचलून धरलं, चेंडू घेतला आणि सदूला दिला. आता तिघं मागच्या अंगणात. आरडाओरडा चाललाय. मी एकदा ओरडलेसुद्धा, सवयीनं, आणि कोंडी अंगणातून म्हणाली, "माय, आई वरडली." अक्का हसल्या. मला हसावं की नाही कळेना, हसले.

अक्का परवा जायचं म्हणतात. कोणाकोणाला घेऊन, ते बोलल्या नाहीत. हे अजून जिनातून यायचेत.

सूप चुलीच्या बाजूला ठेवलंय. आपल्याकडे गाय नाही. पण गवळी रोज सकाळी दारासमोर गाय आणून दूध काढून देतो. घालायचा तो अक्कांनीच, माझ्या हाताचा चालत नाही. उद्या सकाळी गवळी हाक मारेल तेव्हा मी अक्कांना उठवणार नाही. जाग्या असल्या तर दार उघडं ठेवीन.