बाबांचं ‘व्हीटिश’

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी आज वर्गात मी तुमच्यावर चिडले. इंग्रजीच्या धड्यात ‘स्वार्दी’ शब्द आला. एका मुलीने अर्थ विचारला. मी सांगितला, सावळा, काळसर. तिने मान खाली घालून वहीत लिहून घेतला आणि शेजारचीने तिला कोपराने ढोसलं. त्या ढोसण्याचा अर्थ मला कोशात बघावा लागत नाही.

घरी येऊन तुमची जाडजूड डिक्शनरी काढली. त्यात शब्दांचं मूळ दिलेलं असतं, ते तुम्ही कधी वाचलंत का? ‘स्वार्दी’च्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला साधा ‘काळा’ आहे, त्यात कमीपणा काही नाही. ‘फेअर’ म्हणजे आधी नुसतं सुंदर, गोरेपण त्याला शेकडो वर्षांनी चिकटलं. आणि ‘कॉम्प्लेक्शन’ म्हणजे शरीरातल्या चार रसांचं मिश्रण, आपण प्रकृती म्हणतो तेच. म्हणजे माझ्या लग्नाच्या बायोडेटातला ‘कॉम्प्लेक्शन’चा रकाना माझी प्रकृती विचारत होता. उत्तम, कधीमधी सर्दी, एवढं लिहून भागलं असतं. तुम्ही लिहिलंत ‘व्हीटिश’. हा शब्द तुमच्या त्या डिक्शनरीत नाहीच, बाबा. आणि गव्हाळच का? आपल्या कातळावर गहू पिकतो कुठे? नाचणी पिकते, आणि माझा रंग नाचणीच्या भाकरीचा आहे.

तुम्ही कचेरीत टायपिस्ट होतात, साहेबांच्या इंग्रजी चुका गुपचूप दुरुस्त करायचात. त्याच टाइपरायटरवर माझा बायोडेटा झाला. मग चिपळूणची मंडळी आली. मी पोहे घेऊन बाहेर येते, मुलाची आत्या माझ्याकडे बघते, मग हातातल्या कागदाकडे, आणि म्हणते, “कागदावर गव्हाळ होतं, म्हणून आलो हो आम्ही.” तुम्ही घाईघाईने म्हणता, “उन्हातून कॉलेजला जाते ना, जरा रापली आहे.” मी बशी खाली ठेवते. “मी रापलेली नाही. मी अशीच आहे.”

मंडळी पोहे अर्धे टाकून गेली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला म्हणालात, चारचौघांत बापाला खोटं पाडलंस. आई बश्या विसळत होती. ती मागे न वळता म्हणाली, “खोटं तिने नाही हो लिहिलं.” तिसऱ्या दिवशी सात नव्या प्रती टाइप करून आणल्यात. पुन्हा ‘व्हीटिश’. पाकिटांवर पत्ते घातलेत आणि पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलीत. मला अजूनही कळत नाही की इतका हुशार माणूस एका शब्दापुढे इतका हट्टी कसा होतो.

पोस्टाच्या बाकावर बसून मी सातही कागद बाहेर काढले, ‘व्हीटिश’ खोडलं, शाईने ‘डार्क’ लिहिलं आणि पाकिटं चिकटवून पेटीत टाकली. तुम्ही रोज पोस्टमनची वाट बघायचात, पोस्टाच्या कारभाराला नावं ठेवायचात. महिन्याभराने एकच उत्तर आलं, मुरुडहून. तो एकटाच आला. तुम्ही आत पाणी आणायला गेलात तेव्हा त्याने खिशातला कागद मला अर्धवट दाखवला आणि हळूच विचारलं, “हे खोडलंय कोणी?” मी म्हटलं, मी. त्याने घडी घालून तो परत खिशात ठेवला. त्या माणसाबरोबर माझा संसार चालू आहे, तुम्हाला माहीतच आहे.

पण तुम्ही शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात की पोरीचं लग्न तुमच्या इंग्रजीने जमवलं, शब्द नेमका पडला की काम होतं. जावई गालातल्या गालात हसायचा. मी दर वेळी ठरवायचे की आज सांगून टाकायचं. पण ते सांगताना तुम्ही इतके खुशीत दिसायचात, की मी चहा टाकायला उठायचे.