देवाला शंभरात पाच

ता. ४
ती. आजीस,
सा. न. दवाखान्याच्या बाकावरून लिहिते आहे. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, शंभरातले सत्तर जण यातून उठतात. नाही केलं तर वर्ष काढणं कठीण. दहा तारखेपर्यंत सही हवी. बाबा सही करत नाहीत. म्हणतात, आईला बटण काढू दे, मग बघू.

आजी, तुझ्या त्या डब्यात एक पांढरं बटण, म्हणजे हो. एक काळं, म्हणजे नाही. काळं निघण्याची शक्यता शंभरात पन्नास. देव असण्याची मी शंभरात पाच धरते. त्या पाचासाठी बाबांना पन्नासावर टांगू? या वेळी दोन्ही पांढरीच टाक. पाया पडते.
तुझी,
आकडेबाई

ता. ६
चि. आकडेबाईस पोटभर आशीर्वाद.
देवाला तू पाच दिलेस हे वाचून इतका आनंद झाला, की शेजारणीला हाक मारून सांगितलं! मला वाटलं होतं भोपळाच देशील. हवामान कचेरीत बसून तू पावसालासुद्धा कधी पुरते शंभर देत नाहीस. माझं म्हणशील तर सकाळी देवाला नव्वद असतात, गुडघे दुखायला लागले की चाळीस. पण बोलणं सोडत नाही. तुझ्या आजोबांशी तरी रोज कुठे पटायचं?

बरं, मुद्द्याचं. दोन पांढरी टाकली नाहीत. डोळे मिटून हात घातला. काळं निघालं. हात असा मागे ओढला, की डबाच लवंडला. नोकरी असो, लग्न असो, घर बदलणं असो, त्या बटणाचा शब्द मी आजवर मोडला नाही. पण मनात आलं, देवाला नाहीच म्हणायचं असतं तर ते सत्तर जण उठवले कशाला? चुकत असेन मी.

सोबत तुझ्या बापाला चिठ्ठी आहे. खरं तेच लिहिलंय, की काळं निघालं, तरी सही कर, मी सांगते. खोटं लिहिलं आणि तो गेला, तर जाताना माझं खोटं सोबत नेईल. ते मला सोसायचं नाही. द्यायची की फाडायची, ते तुझ्या हातात.

जेवत जा. माया आटू देऊ नकोस.
आजी

ता. १०
ती. आजीस,
सा. न. चिठ्ठी दोन दिवस पर्समध्ये ठेवली. एकदा कोपऱ्यातून फाडायला घेतली होती. आज दिली. बाबांनी दोनदा वाचली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी पेन मागितलं. म्हणाले, तीस वर्षं लिफ्टच्या तारा तपासतोय, भरवसा कशावर ठेवायचा ते कळतं. आईला बटणाच्या विरुद्ध जाताना कधी पाहिलं नाही. आज ती विरुद्ध गेली, म्हणजे त्यात दम असणार. उद्या ऑपरेशन.

ता. ११, संध्याकाळ. पत्र टाकायचं राहून गेलं. बाबा शुद्धीवर आले! आधी पाणी मागितलं, मग दवाखान्याची लिफ्ट घरघरते म्हणून तक्रार केली. शेजारच्या खाटेवरचे गवंडीकाका मात्र परत आले नाहीत. त्यांनाही सत्तरच सांगितले होते. त्यांची मुलगी दुपारपासून त्या रिकाम्या खाटेशी बसून आहे. आजी, आता देवाला किती देऊ?
तुझीच,
आकडेबाई

ता. १३
चि. आकडेबाईस,
अगं, उभ्यानेच वाचलं आणि गुडघ्यांसकट नाचले! लिफ्टला नावं ठेवतोय, म्हणजे गडी पुरता ठिकाणावर आहे.

पण पाचाचे दहा करू नकोस. माझा लेक उठला म्हणून तू वाढवणार, मग त्या पोरीने किती काढून घ्यायचे? मला यातलं कळत नाही, आणि कळतं म्हणणाऱ्यांचंही कळत नाही.

ती घरी गेली असेल तर दवाखान्यातून पत्ता काढ आणि जा. तिला आकडा सांगू नकोस, देवही सांगू नकोस. ती विचारेल, तुझे बाबा कसे आहेत. तेव्हा खाली बघू नकोस. बरे आहेत म्हण, आणि ती ऊठ म्हणेपर्यंत बसून राहा.
तुझ्यावर जीव लावून बसलेली,
आजी