उजव्या पायाचा बूट

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा बूट-चपला दुरुस्तीचा, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट, लिहू नकोस म्हणणारा एकच माणूस होता, तो मी स्वतः, आणि दहा वर्षे मी त्याचेच ऐकले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दुकान, त्यातली हत्यारे आणि वरच्या दोन खोल्या पुतणीला द्याव्यात. खरा वारस माझा धाकटा भाऊ. पण त्याला मी साक्षीला बोलावले आहे, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले. "मग दुसरा साक्षीदार बघा की," त्या म्हणाल्या. दुसरा नको. हे त्याने मी जिवंत असताना, माझ्यासमोर वाचायला हवे.

२. शेजारच्या घड्याळजीने माझे स्टूल "आत्ता आणतो" म्हणून नेले, त्याला नऊ वर्षे झाली. ते त्यालाच दिले. आता तरी त्यावर निवांत बसावे.

३. भिंतीवरचे चौकटीतले कात्रण रद्दीत घालावे. "जायबंदी भावासाठी नऊशे किलोमीटर चालणारा बूटवाला" असे त्यात छापले आहे. ते वाचून गिऱ्हाईक माझा हात हातात घेते, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे होते.

४. कपाटातला खोका धाकट्याला. हे दान नव्हे, त्याचीच वस्तू आहे. आत त्याचा उजवा बूट आहे.

नऊशे किलोमीटरची ती डोंगरवाट त्याला चालायची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो सुटलेला सोल घेऊन आला. सोल चिकटवायचे जुने सोल्युशन खरवडून काढायचे, नवे लावायचे आणि बूट चोवीस तास शिकंज्यात दाबून ठेवायचा, हे मला वडिलांनी शिकवले होते. मी जुन्यावरच नवे फासले आणि तासाभरात बूट त्याच्या हातात दिला.

"दादा, टिकेल ना?"

"बिनधास्त जा रे!"

पाचव्या दिवशी उतारावर सोल निघाला. तो पडला, गुडघा कायमचा गेला. दवाखान्यात त्याचे सामान माझ्या ताब्यात आले. लोंबणारा सोल बघितला आणि मी बूट पिशवीत लपवला. सगळ्यांना सांगितले, "दगड ओला होता." तो बिचारा म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं, दादा." भावजय अजून त्याला बोलते, "पाय कुठे पडतोय हे बघायला नको?" मी तिच्याच हातचे जेवत, मान खाली घालून ऐकत असतो. लाज वाटते. नुसती वाटून काय उपयोग?

त्यानंतर माझ्या हातात चामडे कापायची रापी ठरेना. दुकानाला कुलूप लावले आणि त्याची राहिलेली वाट चालायला लागलो. पळालोच म्हणा. विसाव्या दिवशी मुक्कामाच्या जागी एका बाईंचा सोल सुटला. मी म्हणालो, "उद्या याच वेळेपर्यंत बूट मिळणार नाही." त्या चिडल्या. मी तिथल्या मालकाकडून सोल्युशन आणि शिकंजा मागून घेतला, बूट त्यात लावून त्यापाशी बसून राहिलो आणि हमसून हमसून रडलो. जी सबुरी सख्ख्या भावाला दिली नाही, ती परकीला दिली. पण हातात हत्यार पुन्हा ठरू लागले. तेव्हापासून दरवर्षी हत्यारे पाठीवर घेऊन ती वाट चालतो, वाटसरूंचे बूट दुरुस्त करतो. मला झोप लागते, भूक लागते, जगावेसे वाटते. त्याच्या गुडघ्यावर मी बरा झालो, याची लाज सगळ्यांत जास्त.

५. माझ्यामागे कोणी माझे कौतुक करू नये. करायचेच असेल तर आधी कलम चार वाचावे.

हे सर्व माझ्या हाताने लिहिले. साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर
सही : दादा

साक्षीदार १ : वकीलबाई (सही)

साक्षीदार २ : धाकटा (सही)
दोनदा वाचलं. राग आलाय, तो इतक्यात जाणार नाही. घरी हिला तू स्वतः सांगायचंस. खोका टेबलावर ठेवलाय. आधी जुनं सोल्युशन खरवड. चोवीस तास होईपर्यंत मी इथून हलणार नाही.