दहा मिनिटं मान मोकळी

२ तारीख, सोमवार. सकाळ.
आजी झाले! आजी झाले! आजी झाले! तीनदा लिहिलं, कारण सांगायला घरात कोणी नाही. खालच्या औषधवाल्याला सांगितलं. दोनदा. तिसऱ्यांदा गेले तर म्हणाला, काकू, कळलं, मुलगी झाली, आता गोळ्या कसल्या देऊ ते सांगा. खोकल्याच्या घेऊन आले. खोकला नाही.

ही डायरी यांची. नऊ पानं लिहिली आणि गेले. सात महिने झाले. दहाव्या पानापासून मी. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर मोत्यासारखं, असं हे म्हणायचे. मोती यांनी कुठे पाहिले होते देव जाणे. ती नऊ पानं वाचलेली नाहीत. चष्म्याचा नंबर बदललाय.

लेकीने बाळाचा फोटो पाठवला. नाक यांचं! शेंड्याला कोणी अंगठा दाबल्यासारखं बसकं. थेट यांचं.

संध्याकाळ.
फोन केला. विहीणबाईंनी उचलला. त्या आधीच तिथे जाऊन बसल्यात. म्हणाल्या, नाक बाई अगदी आमच्या घराण्याचं हो. मी शांतपणे म्हटलं, तुमच्या घराण्याला नाक आहे कुठे? शांतपणेच म्हटलं. खालून औषधवाल्याने ओरडून विचारलं, काकू, काय झालं, ते वेगळं.

मग लेक बोलली. बाबा गेल्यापासून तू दिसेल त्याच्यावर भडकतेस, आणि विचारलं की म्हणतेस मी मजेत. आधी मन सांभाळ, मग ये. मी म्हटलं, मी मजेतच आहे. तेवढ्यात फोन कट झाला. लाइन खराब असणार. पुन्हा केला, उचलला नाही. लाइनच.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. राहू दे तिथेच.

४ तारीख, बुधवार.
चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, लेकीसाठी प्रार्थना करा, तिला हल्ली राग फार येतो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. नाकाचंही. मग म्हणाले, मावशी, रडलात का कधी? मी म्हटलं, छे, माझा विश्वास पक्का आहे. ते म्हणाले, प्रभूसुद्धा मित्राच्या थडग्यापाशी रडले, त्यांचा काय कच्चा होता? मी म्हटलं, रडले, पण थोडंच असेल. त्यांना कामं होती.

मग त्यांनी चहा पिता पिता एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून दिल्या. म्हणाले, दोन आठवडे करून बघा. इथे उतरवून ठेवते.
एक, राग आला की आधी प्रभूला सांगा, मग माणसाला.
दोन, रोज दहा मिनिटं प्रभूपुढे मान मोकळे करा.
तीन, जे दुखतं, त्याच्याकडे वळा.

दुसरं वाचून हसूच आलं. मान ती असते, तर मोकळी करा हवं. एवढे शिकलेले, पण व्याकरण कच्चं. असो. बोलले नाही. मोठ्या माणसाची चूक काढू नये.

५ तारीख, गुरुवार.
सुरुवात केली. पलंगावर बसून, प्रार्थना म्हणून, मान वर, खाली, उजवीकडे. उजवीकडे खिडकी आहे, उजेड छान येतो. डावीकडे केली नाही. तिकडे यांची खुर्ची आहे. म्हणजे तिकडून वारा येतो, मानेला बाधेल.

दहा मिनिटं झाली. फार हलकं वाटलं. आता लेकीला आपण होऊन फोन करायचा नाही. आठवडाभर. कानाला खडा.

दुपारी केला, फोन चालू आहे की नाही बघायला. संध्याकाळी केला, दुपारी चुकून लागला होता हे सांगायला.

८ तारीख, रविवार.
मान उजवीकडे राहायला लागली आहे. गुण येतोय. तिसऱ्या नियमात बसतंही. उजवी बाजू दुखते, म्हणून तिकडेच वळते.

उपासनेत उजव्या हाताला शिंपीमामा बसले होते. पूर्ण प्रवचनभर मी त्यांच्याकडे बघत होते, इलाज नव्हता. बिचाऱ्यांनी दोनदा शर्टाची बटणं चाचपून पाहिली. शेवटच्या गीताला सरकून पुढच्या बाकावर गेले.

बाहेर सगळ्यांनी विचारलं, कशा आहात? मजेत म्हटलं. अकरा वेळा. घरी येऊन बारावं कोणाला म्हणायचं कळेना.

११ तारीख, बुधवार.
लेकीचा मेसेज. विहीणबाई म्हणतात बाळाला उबेत ठेवा, लोकरीचं टोपडं घातलंय. फोटोत नाक अर्धं झाकलेलं. मुद्दाम! तळपायाची आग मस्तकात गेली. फोन हातात घेतला, पण पहिला नियम आठवला. आधी प्रभूला सांगितलं. विहीणबाईंचं नाव, पत्ता, टोपडं, सगळं. पाऊण तास लागला. मग घसा बसला आणि फोन राहिला. प्रभूचा कान किती मोठा!

मान आता अजिबात हलत नाही. औषधवाल्याने मलम दिलं. म्हणाला, काकू, केलंत तरी काय? मी म्हटलं, आध्यात्मिक आहे, तुला नाही कळायचं.

१५ तारीख, रविवार.
लिहायला लाज वाटते. पण ही डायरी वाचणारे होते ते तर गेले.

पाळकसाहेबांनी दाराशी विचारलं, मावशी, मान वाकडी का? मी म्हटलं, तुमचाच उपाय, एक दिवस चुकवला नाही. चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. कितीतरी वेळ धरली. म्हणाले, मावशी, हा काना नाही, चहाचा ओघळ आहे. मन. मन मोकळं करा.

मी म्हटलं, तरीच! व्याकरण चुकलंय हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. विचारलं, कुठल्या बाजूला वळत नाही? म्हटलं, डाव्या. तिकडे काय आहे? म्हटलं, काही नाही. भिंत.

१६ तारीख, सोमवार.
मान वळेना, म्हणून अख्खी मीच वळले.

खुर्ची. धूळ. खुर्चीत यांचा चष्मा, उघडाच, हे आत्ता उठून पाणी प्यायला गेल्यासारखा. सात महिने मी या खोलीत झोपतेय.

म्हटलं, देवा, मी मजेत नाही. मी तुझ्यावर रागावले आहे. सात महिने थांबला असतास तर तुझं काय बिघडलं असतं? एकदा तरी मांडीवर घेतलं असतं त्यांनी तिला. मी तुझ्याशीही खोटंच बोलत होते, रोज सकाळी, मान हलवत. असं बरंच. मग शब्द संपले आणि नुसतं रडले. दहा मिनिटं करायचं होतं, पन्नास झाली. वीज काही कोसळली नाही. कोणीतरी शेजारी बसून ऐकतंय एवढं मात्र वाटलं.

मग लेकीला फोन लावला. हॅलो होण्याआधीच सुरू झाले. म्हटलं, नाकासाठी नाही गं भांडले मी. यांचं काहीतरी अजून जगात चाललंय, श्वास घेतंय, असं वाटलं, आणि कोणीतरी तेही घेऊन चाललंय. मी एकटी आहे गं, फार एकटी आहे. खोकला नसताना गोळ्या आणते. विहीणबाईंना सॉरी सांग. बाई वाईट नाही, बोलते जरा जास्त.

पलीकडून आवाज आला, अहो विहीणबाई, लेक तुमची आंघोळीला गेली आहे, मी बोलतेय.

फोन ठेवणार होते. पण त्याही नाक ओढत होत्या. म्हणाल्या, आमचे गेले तेव्हा मी वर्षभर सुनेवर ओरडत होते, तुमच्या लेकीलाच विचारा. नाक तुमचं. घेऊन टाका. पण शनिवारी या.

१७ तारीख, मंगळवार.
मान अजून उजवीकडेच. बसमध्ये उजवीकडची खिडकी मागणार.

चष्मा पुसला. काचा जाड आहेत. तो लावून फोटो नीट पाहिला.

नाक विहीणबाईंचंच आहे.

सांगणार नाही. खुर्चीला तेवढं सांगितलं.