रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडू नये

मी, गुलाबराव डोमाजी गोतमारे, वय ८१, स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून निवृत्त झालेला फोरमन, राहणार रिसाली, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कमरेचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तेवढी हिंमत माझ्या घरात कोणात नाही.

१. मला याच घरात, याच पलंगावर मरायचे आहे. अठ्ठावीस वर्षे सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये काढल्यावर मी आणि माझी पत्नी विजया, आम्ही हे घर बांधले. ती इथेच गेली. मी पडलो तेव्हा मुलगा अभिनव बंगलोरहून आला आणि म्हणाला, "बाबा, तुमी इथं एकटे काहून राहून राहिले? मी एक सीनियर होम पाहून ठेवलं. एकदम फर्स्ट क्लास, गार्डन आहे." मी म्हटले, गार्डनमध्ये तूच जाऊन बस. माझ्या हयातीत जो कोणी मला एका रात्रीसाठीही वृद्धाश्रमात नेईल, त्याला या मृत्युपत्राखाली काहीही मिळणार नाही.

२. मग अभिनवने मोबाईलवरून माझ्या देखभालीची सोय लावली. एजन्सीने सात अटेंडंट पाठवले, सातही मी परत केले. एक मला अंकल म्हणायचा. दुसरा मला खुर्चीत बसवून स्वतः माझ्या पलंगावर आडवा व्हायचा. बाकीच्यांचे गुन्हे लिहायला कागद पुरणार नाही. शेवटी हॉलमध्ये कॅमेरा आला. अभिनव तिकडून बघतो आणि फोन करतो की बाबा, तुमी पाणी कमी पिऊन राहिले. हा कॅमेरा मी त्यालाच देतो. माझ्यामागे रिकामा हॉल त्याने पोटभर बघावा. सूनबाई नीतू हिला माझी कमोडची खुर्ची. चार दिवस राहायला आली, त्यातले तीन दिवस नाकाला ओढणी. वय तिचेही होणार आहे.

३. मुलगी सोनल रायपूरला असते, गाडीने तासाभराचा रस्ता. दर रविवारी येते म्हणते. तिला माझा गोळ्यांचा डबा, सात वारांचे सात कप्पे असलेला. रविवारच्या गोळ्या मी एकट्याने खाल्ल्या, हे तिने ध्यानात घ्यावे. विजयाच्या साड्या तिने दोनदा मागितल्या होत्या. त्या मी मागच्या दिवाळीत भांडेवालीला देऊन एक स्टीलचे पातेले घेतले. तिला हे इथे वाचूनच कळावे, म्हणून इतके दिवस बोललो नाही. बँकेतल्या ठेवी माझ्या देखभालीला लागतील. उरल्या तर भावाबहिणीला सारख्या, पण दोघांनी एकत्र येऊन सही केली तरच. बापासाठी जमले नाही, त्यासाठी जमेल.

४. घर. मथुरा साहू ही रसमड्याजवळच्या गावची बाई चार वर्षे माझ्याकडे राहून माझे सगळे करते. तिला मी पहिल्याच दिवशी प्लांटचा नियम सांगितला होता: पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. माझा बाप काटोलला वारला तेव्हा मी बॅटरीवर, म्हणजे कोकच्या भट्ट्यांच्या रांगेवर, सोळा तास उभा होतो, कारण रिलीव्हर आला नव्हता. मी कुरकुर केली नाही, दुसऱ्याचीही ऐकून घेत नाही.

गेल्या फाल्गुनात मथुराच्या मुलीला कळा सुरू झाल्या. मथुरा म्हणाली, "बाबूजी, मैं जाऊँ?" मी विचारले, रिलीव्हर कुठे आहे? तिने सोनलला फोन केला. सोनल म्हणाली, उद्या बघते. एजन्सीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. मथुराचा नातू दीड दिवस जगला. तिने त्याला पाहिले नाही. परत आली तेव्हा माझ्यापुढे रडली नाही, चहाही नेहमीसारखाच केला. मी माफी मागितलेली नाही आणि इथेही मागत नाही. नियम तो नियम. त्याऐवजी हे राहते घर, सामानासह, मी मथुराला देतो. अट एकच: माझा श्वास असेपर्यंत तिने ही जागा सोडू नये. अशा अटीपुढे ती कुठे जाणार, असा माझा हिशेब आहे.

५. वकिलांच्या सांगण्यावरून: या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करेल, त्याला यातले काहीही मिळणार नाही.

इथवर लिहून झाल्यावर आज वकिलांनी सगळे वाचून दाखवले, मथुराला हिंदीत समजावून सांगितले. शेजारचे हर्षल पहिले साक्षीदार म्हणून हजर होते. दुसरा साक्षीदार बबलू ऑटोवाला, तो आलाच नाही. मथुरा दाराशी उभी होती. तिने वकिलांना विचारले, "जो साइन करेगा, उसको कुछ नहीं मिलेगा?" ते म्हणाले, नाही. "तो मैं करूँगी."

मी म्हटले, मथुरा, घर जाईल.

ती म्हणाली, "मोला घर नइ चाही, बाबूजी. काली बिहनिया मैं जावत हँव. रिलीव्हर आए, चाहे झन आए."

उद्या सकाळी ती जाणार. मी सगळ्यांसमोर अभिनवला फोन लावला आणि पहिले कलम वाचून दाखवले, म्हटले, आता काय ते बोल. तो चिडला नाही. म्हणाला, "मले तुमचं काहीच नको, बाबा. टेन्शन नका घेऊ. त्या सीनियर होममधे एक बेड रिकामा आहे, मी परवा गाडी पाठवतो."

पेन एकच आहे आणि ते माझ्या हातात आहे. मथुरा हात पुढे करून उभी आहे. मला फार भीती वाटते आहे. घर कोणाच्या नावे करावे हे आता मला सुचत नाही. ज्याला हवे त्याने घ्यावे. अभिनव, मला नेऊ नको.

लिहून देणार: गुलाबराव डोमाजी गोतमारे (सही)

साक्षीदार:
१. हर्षल वासुदेव डेहनकर, शेजारी (सही)
२. मथुरा साहू (सही)

ठिकाण: रिसाली, भिलाई, जि. दुर्ग, छत्तीसगढ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४