टकटक म्हणजे पास नव्हे

रविवार, २ जानेवारी १९९४
बारामतीच्या आमच्या ब्रिज क्लबाच्या स्पर्धेचा डायरेक्टर म्हणून माझी एकमताने निवड. (दुसरं कुणी उभं नव्हतं.) तेवीस तारखेच्या फायनलला पुण्याचे अंपायर येणार. काम पसंत पडलं तर जिल्ह्याच्या डायरेक्टरचा बिल्ला! वीस वर्षं पत्ते पिसले, पण मान कुणी दिला नाही. आता मिळेल.

५ जानेवारी
अंथुर्ण्याचे सावळारामतात्या बोली लावायची नसली की 'पास' म्हणतच नाहीत. तोंडात तंबाखू. नुसती टेबलावर टकटक. मी डाव थांबवला. तात्या बाहेर थुंकून आले नि म्हणाले, साहेब, हितं टकटक म्हंजी पासच हाय, समद्यांना ठावं हाय. मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

९ जानेवारी, रात्री ८
टकटक बंद. आता तात्या इतक्या दुःखाने 'पास' म्हणतात, की समोर बसलेल्या त्यांच्या जोडीदाराला, बँकेतल्या धम्मदीपला, पत्त्यांचा सगळा हात कळतो. खोकल्यातूनही कळतो. सर्क्युलर काढलं: खोकण्यापूर्वी अर्ज करावा.
एकूण अर्ज ४१. दोन फेटाळले. वचक बसतोय.

१२ जानेवारी
बोलणंच बंद. बोली चिठ्ठीवर. पण भारी पत्ते आले की धम्मदीपचं अक्षर थरथरतं! उपाय सापडला. क्लबाच्या टायपिस्ट मेघनाताई खिडकीशी बसून चिठ्ठ्या टाइप करतील. त्यांना ब्रिजमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे पूर्ण निःपक्षपाती. चिठ्ठ्या ने-आण मी स्वतः करणार.

१६ जानेवारी
तीन तासांत एक डाव पूर्ण. शिस्त म्हणतात ती ही. चिठ्ठ्यांच्या मधल्या वेळात नियमांचं पुस्तक वाचत बसलेल्या मेघनाताईंनी विचारलं, धम्मदीपदादांनी हुकूम का बोलला न्हाय, हितनं दिसलं, पत्ते तर होते. टायपिस्टने विचार करू नये, असं समजावलं.

२३ जानेवारी
फायनल. तात्यांनी टकटक केली. मी शिट्टी फुंकली. अंपायर म्हणाले, चौघांना पास कळला ना? मग पासच. चौघांनी माना हलवल्या. मला कुणी विचारलं नाही.
अंपायरनी चिठ्ठ्याही बंद केल्या. मग पाळी नसताना धम्मदीप बोली बोलून बसला. मी खेळ रद्द करणार, तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या मेघनाताई म्हणाल्या, डावीकडच्यांना इचारा, मान्य हाय का. न्हायतर बोली रद्द, ज्याची पाळी त्यानं बोलावं. अंपायरनी नियमांचं पुस्तक उघडलं. शब्दशः तेच.
उरलेले आठ डाव तासाभरात झाले.
बिल्ला मेघनाताईंना. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्यांना घडवलं कुणी?
डायरेक्टर म्हणून त्यांची पहिली सूचना मलाच होती: साहेब, जरा दारातनं सरका, पत्त्यांवर अंधार पडतोय.
सरकलो.