मठाचं छप्पर

गॉलवे, आयर्लंड, मंगळवार संध्याकाळ

पोपला आव्हान देणाऱ्या जर्मन धर्मसुधारकावरचा लेख आज पुण्याला पाठवायचा होता. लिहून तयारही होता. शेजारच्या मॉरीनआजी चहाला आल्या, तेव्हा सहज विषय सांगितला. त्या हसल्या. "सुधारणा? हो गं, आमच्या गावचा मठ सुधारला ना! त्याच काळात, सुधारणेच्या नावाखाली, इंग्लंडच्या राजाची माणसं शिशासाठी छप्परच काढून घेऊन गेली."

शाळेत धर्मसुधारणेची कारणं लिहून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. त्यात हे छप्पर कुठेच नव्हतं. पण राजाच्या लोभाचा दोष त्या जर्मन माणसाला कसा द्यायचा? आणि आता नुसता गौरव तरी कसा छापायचा?

शेवटी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एक दिवस वाढवून मागितला. संपादकांचा लगेच फोन आला. "अहो, तब्येत बरी आहे ना?"